निसर्गनियम (नीतिशास्त्रीय)

कोणत्याही राज्यसंस्थेच्या आज्ञेवाचून व धर्मग्रंथाच्या आधारावाचून, केवळ मानवी स्वभावाचा विवेकाने विचार केल्यास कोणाही माणसाला उमगू शकतो, असा सदाचाराचा मूलभूत नियम. ‘निसर्ग’ या शब्दाने येथे डोंगर, नद्या, पशुपक्षी यांची बाह्य सृष्टी अभिप्रेत नाही. वस्तूचे, आणि मुख्यतः माणसाचे, अंगभूत स्वरूप अभिप्रेत आहे. भौतिक विज्ञानातील निसर्गनियमांहून हा नियम भिन्न आहे. गुरुत्वाकर्षणाचा नियम कोणालाही मोडता येत नाही. नैतिक निसर्गनियम मोडता येतो, पण तो मोडणे अनुचित ठरते. राज्याने केलेल्या कायद्याहूनही तो वेगळा आहे. किंबहुना राज्याचा कायदा न्याय्य आहे की अन्याय्य, हे ठरविण्याचा निकष म्हणूनच तो प्रायः पुढे करण्यात आला आहे. या कल्पनेचा उगम ग्रीक तत्त्वज्ञानात असून तिची सर्वांत पद्धतशीर मांडणी मध्ययुगीन कॅथलिक ईश्वरविद्येत झाली. कॅथलिक चर्चच्या नैतिक शिकवणीचे ते आजही एक प्रमुख अधिष्ठान आहे.

प्रश्नाचे स्वरूप : नीतीच्या अधिष्ठानाविषयीचा मूळ प्रश्न प्लेटोने (सु. इ. स. पू. ४२८–३४८) आपल्या युथिफ्रो या संवादात सॉक्रेटीसच्या तोंडी घातला आहे. पवित्र कृत्य हे पवित्र असल्यामुळे देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ते पवित्र ठरते? पहिला पर्याय स्वीकारल्यास चांगुलपणाचा निकष देवांच्याही वर जाऊन बसतो आणि देव केवळ त्याची ग्वाही देणारे ठरतात. दुसरा स्वीकारल्यास देवांनी उद्या क्रौर्याची आज्ञा दिली, तर क्रौर्यही पवित्र मानावे लागेल. बहुदेववादी ग्रीकांपेक्षा एकेश्वरवादी ख्रिस्ती विचारवंतांना हा पेच अधिक जाचक होता. कारण ईश्वर सर्वशक्तिमान आहे आणि तो संपूर्णतः कल्याणमय आहे, ही दोन्ही विधाने त्यांना एकदमच मान्य होती. या पेचाला व्यावहारिक बाजूही आहे. नीती केवळ ईश्वराच्या प्रकट आज्ञेवर आधारलेली असेल, तर ज्याच्यापर्यंत ती आज्ञा पोहोचली नाही, त्याला कोणत्या आधारावर दोषी ठरवावयाचे? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याचे हक्क मानण्याचे बंधन श्रद्धावंतांवर कोणत्या आधारावर येते? निसर्गनियमाच्या सिद्धांताचा इतिहास हा प्रामुख्याने या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

ग्रीक व रोमन पार्श्वभूमी : ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) नीतीचा विचार आज्ञेपासून सुरू न करता साध्यापासून सुरू केला. प्रत्येक वस्तूचे एक स्वाभाविक कार्य असते आणि ते उत्तम रीतीने पार पाडण्यात तिचे श्रेय असते. विवेकानुसार जगणे हे माणसाचे विशेष कार्य. म्हणून सद्‌गुणयुक्त व विवेकयुक्त जीवन हेच मानवी श्रेय, असे त्याने निकोमाखसचे नीतिशास्त्र या ग्रंथात प्रतिपादन केले. त्याच ग्रंथात त्याने नैसर्गिक न्याय व संकेतजन्य न्याय असा भेद केला आहे. अग्नी ग्रीसमध्ये जाळतो तसाच इराणमध्येही जाळतो, कायदे मात्र देशोदेशी बदलतात, यावरून काही लोक सर्वच न्याय मानवनिर्मित समजतात. हे मत त्याला मान्य नव्हते. तथापि त्याच्या विचारात नगरराज्याच्या पलीकडील मानवजातीला फारसे स्थान नाही. काही माणसे स्वभावतःच दास असतात, हे राज्यशास्त्र या ग्रंथातील त्याचे मत पुढे सुमारे एकोणीसशे वर्षांनी एका मोठ्या अन्यायाच्या समर्थनार्थ वापरले जाणार होते.

मानवजातीची एकता प्रथम ठामपणे मांडली ती स्टोइक तत्त्वज्ञांनी. सर्व विश्वात एकच विवेकतत्त्व भरलेले असून प्रत्येक माणसाची बुद्धी हा त्याचाच अंश आहे. म्हणून ग्रीक व परका, स्वामी व दास हे सर्व एकाच विश्वनगरीचे नागरिक होत, अशी त्यांची भूमिका होती. रोमन वक्ता व राजकारणी सिसरो (इ. स. पू. १०६–४३) याने हा विचार लॅटिनमध्ये आणला. खरा कायदा म्हणजे निसर्गाशी सुसंगत असा सम्यक विवेक. तो रोममध्ये एक व अथेन्समध्ये दुसरा असू शकत नाही आणि लोकसभेलाही तो रद्द करता येत नाही, असे त्याने प्रतिपादन केले. रोमन विधिज्ञ अल्पियन (तिसरे शतक) याने मात्र निसर्गनियमाची निराळीच व्याख्या केली. निसर्गाने सर्व प्राण्यांना जे शिकविले आहे, तो निसर्गनियम, उदा., नरमादीचा संयोग, अपत्यांचा जन्म व संगोपन. जस्टिनियनच्या संहितेत (५३३) ही व्याख्या समाविष्ट झाल्याने तिला मोठी प्रतिष्ठा लाभली. ‘निसर्ग’ म्हणजे माणसाची विवेकशक्ती (सिसरो) की माणूस व पशू यांना समान असलेली जैविक प्रवृत्ती (अल्पियन), हे द्वैत तेव्हापासून या संकल्पनेत राहिले. विसाव्या शतकातील सर्वांत तीव्र वादाचे मूळही तेथेच आहे.

आद्य ख्रिस्ती विचार : ख्रिस्ती धर्माला ज्यू परंपरेतून दहा आज्ञा मिळाल्या. त्या आज्ञा असल्या, तरी त्यांच्या मागे इझ्राएल लोकांशी ईश्वराने केलेला करार होता. ज्यू नसलेल्यांचे काय, या प्रश्नाला सेंट पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उत्तर दिले : नियमशास्त्र ज्यांच्यापाशी नाही असे परराष्ट्रीयही स्वभावतः त्यातील गोष्टी आचरतात, त्यांच्या अंतःकरणावर तो नियम कोरलेला असतो आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते. कॅथलिक परंपरेतील निसर्गनियमाचा शास्त्राधार म्हणून पुढे हेच वचन मुख्यत्वे उद्‌धृत केले गेले.

सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने स्टोइकांच्या विश्वविवेकाच्या जागी ईश्वराचा ‘शाश्वत नियम’ आणला. सृष्टीची नैसर्गिक व्यवस्था राखावी व तिचा भंग करू नये अशी आज्ञा देणारा ईश्वराचा विवेक किंवा ईश्वराचा संकल्प, अशी त्याने शाश्वत नियमाची व्याख्या केली. ‘विवेक किंवा संकल्प’ या शब्दयोजनेतील विकल्प ऑगस्टीनने मोकळाच ठेवला. उत्तरकालीन विचारवंतांची दोन कुळे त्यातून निर्माण झाली. पिलेजिअसशी झालेल्या वादात ऑगस्टीनने असेही मांडले, की आद्य पापामुळे मानवी इच्छाशक्ती दुर्बल झाली आहे. सत्य कळूनही ईश्वरी कृपेवाचून माणूस त्याप्रमाणे वागू शकत नाही. ज्ञान व सामर्थ्य यांतील ही दरी ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात या स्वरूपात नव्हती. नीती म्हणजे योग्य गोष्टीवर योग्य प्रमाणात प्रेम करणे, हा ऑगस्टीनचा विचारही कॅथलिक नीतिशास्त्राचा एक स्थायी घटक बनला.

मध्ययुग व सेंट टॉमस अक्वायनस : बाराव्या शतकात ग्रेशियनने चर्चच्या कायद्याचे संकलन केले (सु. ११४०). त्याच्या प्रारंभीच निसर्गनियमाचा उल्लेख असून आपल्याला जसे वागविले जावे असे वाटते तसे इतरांना वागवावे, हे त्याचे सार सांगितले आहे. त्याच सुमारास पीटर ॲबेलार्डने (१०७९–११४२) कृत्याची नैतिकता कर्त्याच्या हेतूवर अवलंबून असते, असे आग्रहाने मांडले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम केला. त्यामुळे पापाचे स्वरूप, प्रकार व तारतम्य ठरविणे ही प्रत्येक धर्मगुरूची रोजची गरज झाली. तेराव्या शतकाच्या मध्यास रॉबर्ट ग्रोसटेस्टने निकोमाखसच्या नीतिशास्त्राचे ग्रीकमधून संपूर्ण लॅटिन भाषांतर केले आणि ख्रिस्ती साक्षात्काराची कसलीही माहिती नसताना रचलेले एक परिपूर्ण नीतिशास्त्र यूरोपातील विद्यापीठांपुढे आले.

त्याचा ख्रिस्ती विचाराशी समन्वय साधण्याचे कार्य डोमिनिकन संप्रदायातील सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने सुम्मा थिओलॉजिए या ग्रंथात केले. सार्वजनिक हितासाठी, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने केलेली व जाहीर केलेली विवेकाची योजना, अशी कायद्याची व्याख्या त्याने केली. कायद्याचे मर्म संकल्पात नसून विवेकात आहे, हा या व्याख्येचा गाभा होय. विश्वाचे नियमन करणारा ईश्वराचा विवेक हा शाश्वत नियम. इतर प्राणी त्याचे नकळत पालन करतात. माणूस मात्र स्वतःच्या बुद्धीने स्वतःचे नियमन करून त्यात सहभागी होतो. विवेकशील प्राण्याचा शाश्वत नियमातील हा सहभाग म्हणजेच निसर्गनियम. त्याखेरीज परिस्थितीनुसार राज्यकर्त्यांनी केलेला मानवी कायदा व बायबलद्वारा प्रकट झालेला दैवी कायदा असे आणखी दोन प्रकार त्याने मानले. प्लेटोच्या पेचातून अशा रीतीने तिसरी वाट निघते. चांगुलपणाचा निकष ईश्वराच्या वर नाही व त्याच्या लहरीवरही अवलंबून नाही. तो ईश्वराच्या स्वरूपातच, त्याच्या विवेकात आहे. माणसाला निर्माण करतानाच ईश्वराने माणसाचे श्रेय त्याच्या स्वभावात रुजविले असल्याने ते जाणण्यासाठी प्रत्येक वेळी आज्ञेची आवश्यकता नसते.

व्यावहारिक विवेकाचे पहिले तत्त्व अक्वायनसने असे सांगितले : श्रेयस्कर ते करावे व त्याचा पाठपुरावा करावा, अनिष्ट ते टाळावे. मानवी स्वभावाच्या तीन पातळ्यांवरील प्रवृत्तींतून या तत्त्वाला आशय प्राप्त होतो. सर्व वस्तूंना समान असलेली स्वतःचे अस्तित्व टिकविण्याची प्रवृत्ती. सर्व प्राण्यांना समान असलेली प्रजनन व अपत्यसंगोपनाची प्रवृत्ती. आणि केवळ माणसात आढळणारी, ईश्वराविषयीचे सत्य जाणण्याची व समाजात राहण्याची प्रवृत्ती. यातील दुसऱ्या पातळीवर अल्पियनची व्याख्या व तिसऱ्या पातळीवर सिसरोचा विवेक यांना एकत्र स्थान मिळालेले दिसते.

या सिद्धांतात अक्वायनसने लवचिकपणाही ठेवला. मूलतत्त्वे सर्वांना सारखीच ज्ञात असली, तरी तपशिलात उतरावे तसे अपवाद वाढत जातात. ठेव म्हणून ठेवलेली वस्तू मागताच परत करावी, हा नियम सामान्यतः योग्य आहे. पण स्वदेशावर हल्ला करण्यासाठी ती मागितली जात असेल, तर परत करणे अयोग्य ठरेल. वाईट चालीरीतींमुळे तत्त्वाचे ज्ञान झाकोळलेही जाते. प्राचीन जर्मन लोक दरोडेखोरी गैर मानीत नसत, हे ज्यूलिअस सीझरने नोंदविलेले उदाहरण त्याने दिले आहे. याहूनही लक्षणीय आहे ते सदसद्विवेकबुद्धीविषयीचे त्याचे विवेचन. चुकीच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागणेही दोषास्पदच असते, असे तो म्हणतो. ख्रिस्तावरील श्रद्धा मोक्षासाठी आवश्यक आहे असे मानणाऱ्या या विचारवंताने असे स्पष्ट म्हटले आहे, की एखाद्याच्या विवेकाला ती श्रद्धा वाईट वाटत असेल, तर त्या स्थितीत ती स्वीकारणाऱ्याची इच्छा वाईटाकडेच वळलेली असते. ज्यांनी ख्रिस्ती श्रद्धा कधीच स्वीकारली नव्हती, त्यांच्यावर ती लादू नये, असेही त्याचे मत होते. मात्र एकदा बाप्तिस्मा घेऊन मार्ग सोडणाऱ्या पाखंड्यांवर सक्ती करावी व हट्टी पाखंड्यांना देहदंडासाठी राज्याच्या हवाली करावे, हेही त्याला मान्य होते. या दोन भूमिकांतील विसंगती पुढील कित्येक शतके तशीच राहिली.

संकल्पवाद : अक्वायनसच्या विवेकप्रधान मताने ईश्वराच्या स्वातंत्र्याला मर्यादा पडते, अशी शंका फ्रान्सिस्कन विचारवंतांना आली. जॉन डन्स स्कोटस (सु. १२६६–१३०८) याच्या मते दहा आज्ञांपैकी ईश्वराविषयीच्या आज्ञाच काटेकोर अर्थाने निसर्गनियमात मोडतात, शेजाऱ्याविषयीच्या आज्ञा मानवी स्वभावाशी सुसंगत असल्या, तरी ईश्वर त्यांतून सूट देऊ शकतो. पुत्राचा बळी देण्याची अब्राहमला झालेली आज्ञा या संदर्भात नेहमी चर्चिली गेली. विल्यम ऑफ ऑकम (सु. १२८७–१३४७) आणखी पुढे गेला. ईश्वराच्या निरपेक्ष सामर्थ्याला तार्किक विसंगतीखेरीज कोणतेच बंधन नसल्याने आज निषिद्ध असलेली कृत्ये त्याने आज्ञापिली असती तर तीच पुण्यकारक ठरली असती, असे त्याच्या विवेचनातून निष्पन्न होते. याउलट ग्रेगरी ऑफ रिमिनी (मृ. १३५८) याने असे मांडले, की ईश्वर नाही असे क्षणभर गृहीत धरले, तरी सम्यक विवेकाविरुद्ध वागणे हे पापच ठरेल. डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशिअस (१५८३–१६४५) याच्या युद्ध व शांतता यांच्या कायद्यावरील ग्रंथात (१६२५) आलेल्या अशाच आशयाच्या विधानाला आधुनिक, धर्मनिरपेक्ष निसर्गनियमाचा प्रारंभ मानण्यात येते. प्रत्यक्षात त्या विचाराची बीजे मध्ययुगीन मठांतील वादविवादांत होती.

सोळावे शतक – अमेरिका व गोवा : निसर्गनियमाची खरी कसोटी लागली ती स्पेनने अमेरिकेतील प्रदेश जिंकल्यानंतर. ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नव्हते, त्यांची भूमी व स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा हक्क ख्रिस्ती राजाला आहे काय, हा प्रश्न आता केवळ विद्यापीठीय राहिला नाही. १५११ मध्ये हिस्पॅनिओला बेटावर आंतोन्यो दे मोंतेसीनोस या डोमिनिकन धर्मगुरूने वसाहतवाल्यांपुढे प्रवचन करताना मूळ रहिवाशांच्या छळाचा जाहीर निषेध केला. पोप तिसरा पॉल याने १५३७ च्या फर्मानात हे रहिवासी खरोखरीची माणसे असून ख्रिस्ती नसले, तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येत नाही, असे घोषित केले. सालामांका विद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्सिस्को दे व्हितोरिया (सु. १४८३–१५४६) याने १५३९ च्या व्याख्यानात या प्रश्नाची तात्त्विक मांडणी केली. मालकी हक्क विवेकशील स्वभावातून येतो, श्रद्धेतून नव्हे. म्हणून अश्रद्धेमुळे तो नष्ट होत नाही. सम्राट हा जगाचा स्वामी नाही व पोपही नाही. मात्र प्रवास, व्यापार व धर्मप्रसार यांचा हक्क निसर्गनियमाने सर्वांना आहे व त्यात अडथळा आणल्यास युद्ध न्याय्य ठरू शकते, असेही त्याने म्हटले. पुढच्या दाराने नाकारलेले आक्रमण मागच्या दाराने आत येण्यास त्यामुळे वाव राहिला.

१५५०–५१ मध्ये वायादोलिद येथे सम्राट पाचव्या चार्ल्सने बोलाविलेल्या पंडितसभेपुढे ह्वान हीनेस दे सेपुल्व्हेदा व बार्तोलोमे दे लास कासास (१४८४–१५६६) यांचा प्रसिद्ध वाद झाला. सेपुल्व्हेदाने ॲरिस्टॉटलच्या स्वाभाविक दास्याच्या मताचा आधार घेतला. नरबळीसारख्या प्रथा निसर्गनियमाविरुद्ध असल्याने बळाचा वापर योग्य ठरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पूर्वी स्वतः वसाहतवाला असलेल्या व नंतर तो व्यवसाय सोडून डोमिनिकन झालेल्या लास कासासने मानवजात एकच असल्याचे ठासून मांडले. सभेने कोणताही निश्चित निर्णय दिला नाही. एकाच निसर्गनियमाचा आधार घेऊन दोन्ही पक्ष परस्परविरोधी निष्कर्षांप्रत आले, ही गोष्ट या सिद्धांताच्या सामर्थ्याची व मर्यादेचीही द्योतक आहे.

हाच प्रश्न पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यातही उभा राहिला. १५६७ मध्ये भरलेल्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने धमक्या व दहशत यांच्या योगे कोणालाही बाप्तिस्मा देणे उचित नाही, असा ठराव केला. परंतु त्याच परिषदेने हिंदूंची मंदिरे व जाहीर पूजाअर्चा यांविरुद्ध राजसत्तेने उपाय योजावेत, अशीही मागणी केली. बार्देश व सासष्टी येथील मंदिरांचा विध्वंस याच काळातला. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशनचे न्यायपीठ मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालू होते. अश्रद्धावंतांवर सक्ती नको पण बाप्तिस्मा झालेल्यांवर हवी, या मध्ययुगीन भेदाचा परिणाम नवख्रिस्तींना प्रत्यक्ष भोगावा लागला. याच भूमीत इंग्रज जेझुइट धर्मगुरू टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) याने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले (मुद्रण १६१६). स्थानिक भाषेत व पुराणाच्या परिचित घाटात ख्रिस्ती कथा सांगण्यामागे, श्रोत्याच्या बुद्धीला व अंतःकरणाला आवाहन करता येते हा विश्वास होता. सक्ती व संवाद या दोन्ही वृत्ती अशा प्रकारे एकाच काळी व एकाच ठिकाणी नांदत होत्या.

पापनिवेदन व प्रकरणमीमांसा : ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) गंभीर पापांचे प्रकार व संख्या सांगून निवेदन करावे, असे बंधन घातले. त्यामुळे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी विशिष्ट प्रसंगांचा नैतिक निर्णय देणारी ‘प्रकरणमीमांसा’ भरभराटीस आली आणि कॅथलिक नीतिशास्त्र सद्‌गुणांच्या विचारापासून दूर जाऊन कायदा व त्याचे उल्लंघन यांभोवती फिरू लागले. फ्रान्सिस्को सुआरेझ (१५४८–१६१७) याने १६१२ च्या कायदेविषयक ग्रंथात विवेक व संकल्प यांचा मेळ घालताना म्हटले, की कृत्याचा बरेवाईटपणा त्याच्या स्वरूपात असतो. परंतु त्याला बंधनकारक कायद्याचे रूप ईश्वराच्या आज्ञेने येते.

कायदा लागू आहे की नाही याविषयीच शंका असेल तर काय करावे? बार्तोलोमे दे मेदिना याने १५७७ मध्ये सांगितले, की एखादे मत सबळ कारणांमुळे ग्राह्य असेल, तर त्याविरुद्धचे मत अधिक ग्राह्य असले, तरी पहिल्यानुसार वागण्यास हरकत नाही. या ग्राह्यमतवादामागे शंकास्पद कायद्याने माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेऊ नये, ही उदार दृष्टी होती. पण तिचा अतिरेक होऊन जवळजवळ प्रत्येक कृत्याला कोणा तरी ग्रंथकाराचा पाठिंबा सापडू लागला. ब्लेझ पास्काल (१६२३–६२) याने १६५६–५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रांतवासीयास पत्रां’त जेझुइटांच्या या पळवाटांची उपरोधिक शब्दांत खिल्ली उडविली. पोप अकरावा इनोसंट याने १६७९ मध्ये पासष्ट शिथिल विधाने निषिद्ध ठरविली. १६९० मध्ये पोप आठवा अलेक्झांडर याने कठोर पक्षाचीही काही विधाने त्याज्य ठरविली. अखेरीस सेंट आल्फोन्सस लिग्वोरी (१६९६–१७८७) याने दोन टोकांमधील समतोल मार्ग रूढ केला. नेपल्सच्या परिसरातील गरीब खेडूतांमध्ये धर्मकार्य केलेल्या या लेखकाला पापनिवेदनाचा हेतू माणसाला उभे करणे हा आहे, याचा विसर पडला नाही.

आधुनिक आक्षेप व नवथॉमसवाद : सतराव्या-अठराव्या शतकांत निसर्गाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. नव्या भौतिक विज्ञानाने वस्तूंना अंगभूत साध्ये असतात ही कल्पना सोडून दिली. डेव्हिड ह्यूमने (१७११–७६) ‘आहे’ अशा विधानांवरून ‘असले पाहिजे’ असे विधान कसे निष्पन्न होते, हा प्रश्न विचारला. मानवी स्वभाव अमुक प्रकारचा आहे म्हणून माणसाने तमुक करावे, या निसर्गनियमवादी अनुमानाच्या मुळावरच तो घाव होता. इमॅन्युएल कांटने (१७२४–१८०४) १७८५ मध्ये नीतीचे अधिष्ठान शुद्ध व्यावहारिक विवेकाच्या स्वायत्ततेत शोधले. स्वाभाविक प्रवृत्ती असो की ईश्वराची आज्ञा, बाहेरून आलेले कोणतेही प्रयोजन नैतिकतेला परतंत्र बनविते, असे त्याचे मत होते.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या आघातानंतर चर्चची पहिली प्रतिक्रिया निषेधाची होती. पोप सोळावा ग्रेगरी याने १८३२ च्या परिपत्रकात सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याची मागणीच धिक्कारली. पोप तेरावा लिओ याने मात्र १८७९ च्या परिपत्रकाद्वारा अक्वायनसच्या तत्त्वज्ञानाच्या पुनरभ्यासास चालना दिली. १८९१ मध्ये त्यानेच कामगारांच्या स्थितीविषयी काढलेल्या परिपत्रकात निसर्गनियमाचा आधार घेऊन न्याय्य वेतन व कामगार संघटना यांचे समर्थन केले. मालक व कामगार यांनी खुशीने करार केला, तरी काटकसरी कामगाराच्या निर्वाहाला पुरेसे वेतन मिळणे ही त्या करारापूर्वीची नैसर्गिक न्यायाची मागणी आहे, असे त्यात म्हटले होते. झाक मारीतँ (१८८२–१९७३) या फ्रेंच तत्त्वज्ञाने निसर्गनियमातून मानवी हक्कांची संकल्पना विकसित केली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पूर्वतयारीच्या काळात, भिन्न श्रद्धांचे लोक हक्कांच्या तात्त्विक आधाराविषयी असहमत राहूनही त्यांच्या यादीविषयी सहमत होऊ शकतात, हा विचार त्याने मांडला.

दुसरी व्हॅटिकन परिषद व नंतरचे वाद : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) नैतिक ईश्वरविद्येला बायबलचे अधिक पोषण मिळावे, असे सुचविले व सदसद्विवेकबुद्धी हा माणसाचा अंतरतम गाभारा असल्याचे घोषित केले. ७ डिसेंबर १९६५ च्या जाहीरनाम्यात धार्मिक स्वातंत्र्याचा हक्क मानवी प्रतिष्ठेवर आधारलेला असल्याचे मान्य करण्यात आले. १८३२ ची भूमिका लक्षात घेता हे स्थित्यंतर मोठे होते.

तीनच वर्षांनी निसर्गनियमाचा प्रश्न सामान्य कॅथलिक कुटुंबांच्या दारात येऊन उभा राहिला. संततिनियमनाविषयी सल्ला देण्यासाठी नेमलेल्या आयोगाच्या बहुसंख्य सदस्यांनी कृत्रिम साधनांचा वापर स्वभावतःच वाईट मानू नये, असे १९६६ मध्ये सुचविले होते. पोप सहावा पॉल याने ते मान्य केले नाही. २५ जुलै १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकात त्याने प्रत्येक समागम प्रजननास खुला असला पाहिजे, असे सांगून केवळ नैसर्गिक कालगणनेचा मार्ग अनुज्ञेय ठरविला. टीकाकारांच्या मते येथे अल्पियनची जैविक व्याख्या विवेकावर मात करीत होती. शरीराची रचना हीच नैतिक आज्ञा मानली जात होती. समर्थकांच्या मते शरीर हे व्यक्तीचे बाह्य साधन नसून तिचेच अंग असल्याने शारीरिक कृत्याच्या अर्थाला नैतिक महत्त्व आहे. हा नियम विवेकाला उमगणारा आहे असे म्हणावयाचे आणि बहुसंख्य विवेकशील श्रद्धावंतांनाच तो उमगत नसेल, तर प्रमाण कोणाचे, हा प्रश्न यातून पुढे आला.

त्याच सुमारास पीटर क्नाउअर, योझेफ फुक्स आदी ईश्वरविद्यावंतांनी कृत्याचे मूल्य ठरविताना त्यातील इष्टानिष्टांचे प्रमाण पाहावे, असे मत मांडले. दुसऱ्या बाजूस जर्मेन ग्रिसे व जॉन फिनिस यांनी ह्यूमच्या आक्षेपाला निराळे उत्तर दिले. निसर्गनियम मानवी स्वभावाविषयीच्या विधानांतून निष्पन्न होत नाही. जीवन, ज्ञान, मैत्री यांसारखी मूलभूत श्रेये व्यावहारिक विवेकाला स्वयंसिद्ध असतात, असे फिनिसने १९८० च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. तत्पूर्वी १९५८ मध्ये एलिझाबेथ ॲन्सकॉम या कॅथलिक तत्त्वज्ञ स्त्रीने, ईश्वररूपी विधिकर्त्याला वगळून ‘नैतिक बंधना’ची भाषा चालू ठेवणे निरर्थक आहे, असे दाखवून सद्‌गुणविचाराच्या पुनरुज्जीवनाला प्रेरणा दिली होती. पोप दुसरा जॉन पॉल याने १९९३ च्या परिपत्रकात प्रमाणवाद अमान्य केला व परिस्थिती किंवा हेतू कोणताही असो, काही कृत्ये स्वरूपतःच वाईट असतात, हे पुन्हा प्रतिपादिले. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगाने सार्वत्रिक नीतीच्या शोधाविषयी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात हिंदू परंपरेतील धर्मकल्पनेसह जगातील विविध परंपरांतील समान नैतिक आशयाची दखल घेतली.

मूल्यमापन : निसर्गनियमाचे निष्कर्ष कालातीत असल्याचा दावा इतिहासाला धरून नाही. व्याज घेणे निसर्गाविरुद्ध आहे, हे मत शतकानुशतके शिकविले जाऊन पुढे मागे पडले. दास्याविषयीची सहिष्णुता गेली. धार्मिक सक्तीचे समर्थन गेले. देहदंड राज्याला अनुज्ञेय आहे ही जुनी शिकवण बदलून २०१८ मध्ये चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात तो अस्वीकार्य असल्याचे नमूद करण्यात आले. कित्येकदा प्रचलित सामाजिक रूढींनाच ‘निसर्ग’ समजण्यात आले, हा आक्षेप त्यामुळे साधार ठरतो. प्रॉटेस्टंट विचारवंतांनी आद्य पापामुळे मलिन झालेल्या विवेकावर एवढा विश्वास टाकण्याविषयी प्रथमपासूनच शंका घेतली होती.

तथापि यातील बहुतेक सुधारणा सिद्धांत सोडून देऊन झाल्या नाहीत. त्याचाच आधार घेऊन झाल्या. लास कासासने वसाहतवाल्यांविरुद्ध आणि मारीतँने सर्वंकष राज्यसत्तेविरुद्ध पुढे केलेला युक्तिवाद एकच होता : माणसाला त्याची प्रतिष्ठा राजाने, बहुमताने किंवा बाप्तिस्म्याने दिलेली नसते, म्हणून त्यांपैकी कोणालाही ती काढून घेता येत नाही. निसर्ग म्हणजे काय व त्याचा अर्थ कोणी लावावयाचा, हे प्रश्न अद्याप विवाद्य आहेत. पण स्वधर्मीय नसलेल्या माणसाशीही कारणे देऊन बोलले पाहिजे व त्याची कारणे ऐकली पाहिजेत, हे बंधन या सिद्धांताने धर्मपीठावरही घातले. त्याचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः यात आहे.